तीनशे शब्दांत नागरिक घडत नाही

१९ मे २०२४. पुण्यातलं कल्याणीनगर. मध्यरात्र उलटून गेल्यावर भरधाव आलिशान मोटारीनं दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता, असं पोलिसांनी सांगितलं. काही तासांत त्याला जामीन मिळाला. अटींमध्ये एक अट होती : रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध.

देश खवळला. खवळायलाच हवा होता. पण ती अट ऐकून आपल्याला इतकं ओळखीचं का वाटलं?

कारण शाळाशाळांत आपण वर्षानुवर्षं तेच करतोय. पर्यावरण? निबंध लिहा. स्वच्छता? घोषवाक्य तयार करा. मतदान? रांगोळी काढा. रस्ता सुरक्षा? चित्रकला स्पर्धा घ्या. पहिले तीन क्रमांक, दोन उत्तेजनार्थ, प्रमाणपत्र, टाळ्या. विषय संपला.

नागरिकशास्त्र आपण लिहायचा विषय केला. वागायचा केलाच नाही.

आणि त्या प्रकरणात पुढे काय झालं? रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. मुलाच्या आईवडिलांनाही झाली. मुलाला निबंध सांगितला होता. मोठ्यांना कोणता विषय द्यायचा?

गुणांचा हिशेब बघा. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्राची मिळून ४० गुणांची प्रश्नपत्रिका. त्यातले २८ इतिहासाला, १२ राज्यशास्त्राला. मुलं व्यवहारी असतात. गुण बघून वेळ देतात. संविधान, निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, लोकशाहीपुढची आव्हानं हे सगळं परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी उरकलं जातं.

अठराव्या वर्षी हातात मत येतं. त्याची तयारी १२ गुणांची.

परिपाठाचं म्हणाल, तर तो रोज होतो. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा. २६ जानेवारी २०२० पासून राज्यातल्या शाळांत संविधानाच्या प्रस्तावनेचं वाचनही आलं. चांगलं झालं. समता आणि बंधुता हे शब्द कानावरून दहा वर्षं जाणं ही काही वाईट गोष्ट नाही.

पण परिपाठ संपल्यावर दहाव्या मिनिटाला काय होतं? वर्गात 'हुशार' पुढच्या बाकावर, 'ढ' मागच्या. 'अ' तुकडी निवडक, 'ड' तुकडी उरलेल्यांची. मागच्या बाकावरच्या पोरानं समता पाठ म्हटली. पुढे बसायला मात्र त्याला बोलावलं कोणी नाही.

दहावीतल्या एखाद्या मुलाला विचारा, तू रोज हात पुढे करून म्हणतोस ती प्रतिज्ञा लिहिली कोणी? पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी. १९६२ साली, तेलुगूत. २६ जानेवारी १९६५ पासून ती शाळाशाळांत म्हटली जाऊ लागली. बहुतेक मुलांना हे माहीत नसतं. दोष त्यांचा नाही. पाठ करा असं आपण सांगितलं. हे कोणी लिहिलं, का लिहिलं, तुला पटतं का, असं कधी विचारलं नाही.

प्रश्न न विचारता घेतलेली शपथ ओठांवर राहते. आत उतरत नाही.

आता जरा शाळेच्या फाटकावर या. शाळा भरायची वेळ. एक दुचाकी उलट दिशेनं येते. पुढे धाकटा उभा, मागे थोरली, तिच्या पाठीवर दप्तर, मध्ये बाबा. बाबांचं हेल्मेट आरशाला लटकवलेलं, मोबाइल मानेत धरलेला. थोरली उतरते, धावत आत जाते. आत भिंतीवर वाहतूक नियमांचा तक्ता लावलेला आहे. तो तिनंच रंगवलाय.

सांगा, ती शिकणार कोणाकडून? तक्त्याकडून की बाबांकडून?

कायदा स्पष्ट आहे. दुचाकीवर बसणाऱ्या चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर जबाबदारी पालकाची किंवा गाडीमालकाची. २५ हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही.

तरी नववीतला मुलगा मोपेडवरून शिकवणीला जातोच. आई म्हणते, "गल्लीतल्या गल्लीत तर जातो." पोलिसानं अडवलं की बाबा म्हणतात, "थांब, काकांना फोन लावतो."

तो एक फोन म्हणजे मुलाच्या आयुष्यातला नागरिकशास्त्राचा पहिला खरा तास. ओळख असली की नियम लागू होत नाही, हे त्याला तिथं कळतं. पुढे कितीही सुविचार लिहा, हा धडा पुसला जात नाही.

घटनेत मूलभूत कर्तव्यं आली १९७६ साली. दहा होती. आपण ती मुलांकडून पाठ करून घेतो. अकरावं कर्तव्य २००२ च्या घटनादुरुस्तीनं आलं. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाची संधी देण्याचं. हे कर्तव्य कोणाचं? पालकाचं.

म्हणजे अकरा कर्तव्यांतलं एक मुलांनी पाठ करायचं नाही. ते आपण पाळायचं आहे.

प्रामाणिकपणाकडे वळू. दरवर्षी फेब्रुवारी-मार्च आला की कॉपीमुक्त अभियान सुरू होतं. भरारी पथकं, बैठी पथकं, केंद्रावर पोलीस, आता तर कॅमेरेही. इतका बंदोबस्त कोणाविरुद्ध? सोळा वर्षांच्या पोरांविरुद्ध? नाही. खिडकीवर चढून चिठ्ठी आत टाकणारे भाऊ, मामा आणि कधी कधी खुद्द वडील असतात त्यांच्याविरुद्ध.

डिसेंबर २०२१ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेच्या गैरव्यवहारात राज्य परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली. पुढे साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. परीक्षा कशाची होती? वर्गात उभं राहून मुलांना शिकवायला पात्र कोण, याची.

घरचा घोटाळा लहान असतो, एवढंच. शाळेनं 'प्रकल्प' सांगितला की पालक दुकानात. थर्माकोलचा ज्वालामुखी, पुठ्ठ्याचा किल्ला, छापील माहिती, वर मुलाचं नाव. रात्री अकराला आई चिकटवते, सकाळी मुलाला 'अ' श्रेणी. ज्यानं आपल्या हातानं वाकडातिकडा किल्ला केला, त्याला 'क'.

त्या 'क'वाल्या पोरानं त्या दिवशी काय ओळखलं असेल? मेहनत केली की मागे पडतो. त्याच्या बाईंना हे समजत नाही असं नाही. विकतचा किल्ला बाजूला ठेवून वाकड्या किल्ल्याला दाद द्यायला पाच मिनिटं लागतात. ती द्या.

मे महिना उजाडला की व्यक्तिमत्त्व विकास शिबिरांचे फलक चौकाचौकात. दहा दिवसांत आत्मविश्वास, सभाधीटपणा, नेतृत्व, इंग्रजी संभाषण. मुलगा ताठ उभा राहायला शिकतो, डोळ्यांत डोळे घालून हस्तांदोलन करायला शिकतो, स्वतःची ओळख झोकात करून द्यायला शिकतो.

घरी येऊन खरकटं ताट तिथंच सोडून उठतो.

व्यक्तिमत्त्व मंचावर घडत नाही. हरल्यावर समोरच्याचं अभिनंदन करताना घडतं. आपलं चुकलं हे वर्गात सर्वांसमोर कबूल करताना घडतं. वर्गातल्या तोतऱ्या मुलाला सगळे हसत असताना आपण न हसण्यात घडतं. याला शुल्क लागत नाही. मोठं माणूस जवळ लागतं, आणि त्यानं वेळ काढावा लागतो.

आपल्याला 'गुणी' मूल कोणतं वाटतं? उलट न बोलणारं. हाताची घडी, तोंडावर बोट. शिक्षण हक्क कायद्यानं २००९ सालीच शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घातली. तरी पालक स्वतःच सरांना सांगतात, "ऐकत नसेल तर खुशाल दोन ठेवून द्या."

मग ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर घडतं. बालवाडीतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार. शहर रस्त्यावर उतरलं, रेल्वे अडली. त्यानंतर शासनानं आदेश काढले. कॅमेरे, सखी सावित्री समिती, तक्रारपेटी. पेटीचा आदेश त्याआधीही होताच.

पेटी भिंतीवर लावता येते. तिच्यात चिठ्ठी टाकण्याचं धाडस कुठून आणणार? वर्षभर ज्या मुलीला 'आगाऊपणा करू नकोस' असं ऐकवलं, ती एका दुपारी अचानक तक्रार कशी करील? मोठ्या माणसाला 'नाही' म्हणता येणं, झालेलं विश्वासानं सांगता येणं, आणि सांगितल्यावर आपल्याला खोटं पाडलं जाणार नाही ही खात्री असणं, हीसुद्धा नागरिक होण्याची तयारी आहे. माझ्या मते तीच पहिली.

निमूट मूल सुरक्षित नसतं. बोलणारं असतं.

समतेचं काय? खासगी शाळांत गरीब मुलांसाठी २५ टक्के प्रवेश राखणारा शिक्षण हक्क कायदा सांगतो, घरकाम करणाऱ्या बाईची मुलगी आणि डॉक्टरांची मुलगी एका बाकावर बसू दे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्यानं नियम बदलला. किलोमीटरभरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला ते प्रवेश देण्यातून सूट. जुलैमध्ये उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला.

सकाळी प्रस्तावना वाचायला लावणारं शासन तेच, आणि बाक वेगळे करू पाहणारंही तेच. मुलांना वाचन ऐकू येतं. बाक दिसतो.

एके काळी याच महाराष्ट्रात बाकाचा नाही, तर थेट पंगतीचा प्रश्न एका माणसानं सोडवला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथं रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह. सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली. एकत्र स्वयंपाक, एकत्र जेवण, एकत्र काम. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. मुलांच्या जेवणाची अडचण झाली तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही.

तिथं मूल्यशिक्षणाची तासिका नव्हती. भाकरी भाजायची पाळी होती. आज तुझी, उद्या माझी. जात त्या तव्यावर टिकली नाही.

अमळनेरच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांनी पसरलेलं स्वतः आवरून ठेवत. उपदेश नाही, शिक्षा नाही. मुलं लाजली आणि आपापलं आवरू लागली. हेच गुरुजी १९४७ साली विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून पंढरपुरात उपोषणाला बसले. मुलांना जे सांगायचं ते आधी स्वतः करायचं, एवढीच त्यांची पद्धत होती.

आता आजच्या शाळेत केर कोण काढतं ते बघा. फार ठिकाणी मुली. मुलं झेंड्याची दोरी ओढतात, बाकं हलवतात. संडास धुवायची वेळ आली तर कोणत्या घरच्या मुलाला हाक मारली जाते, हेही बघा. आणि एखाद्या शाळेनं सगळ्यांनाच पाळी लावली, तर दुसऱ्या दिवशी पालक दारात : "आमच्या मुलाला झाडू मारायला पाठवतो का आम्ही?"

हो. पाठवायलाच हवं. पण सगळ्यांनाच. मुलगा-मुलगी, वरची आळी-खालची आळी, मुख्याध्यापकांचा नातूसुद्धा. पाळीच्या यादीत एकाही नावाला सूट नको. गाडगेबाबांचं छायाचित्र भिंतीवर लावायचं आणि झाडू ठराविक हातांतच द्यायचा, हे चालणार नाही.

शालेय मंत्रिमंडळाकडे या. जुलैत निवडणूक होते. मोबाइलवर मतदानयंत्राचं अ‍ॅप, बटण दाबलं की 'पीं' असा आवाज, बोटाला शाई. मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, सहलमंत्री, पोषण आहार मंत्री. शपथविधी, छायाचित्र. निवडणूक खरी, उत्साह खरा, मुलांचे चेहरे फुललेले.

मग वर्षभर मंत्री काय करतात? खडू आणतात. रांग सरळ करतात. गोंगाट करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितात.

अधिकार नसलेलं मंत्रिपद देऊन आपण मुलांना शिकवतो, की लोकशाही म्हणजे मत द्या आणि गप्प बसा. मोठेपणी ती तेच करतात. मग आपण तक्रार करतो की तरुण पिढीला काही पडलेलं नाही.

त्यांना खरा प्रश्न द्या. मैदान एकच आहे. मधल्या सुट्टीत आठवी-नववीची मुलं तिथं क्रिकेट मांडतात. मुली कडेला भिंतीशी उभ्या, पाचवीची पोरं चेंडू आणून देण्यापुरती. हा प्रश्न बालसभेत येऊ द्या. भांडण होईल. होऊ द्या. 'आम्ही आधीपासून खेळतो' असं एक जण म्हणेल. 'मग आम्ही कधी खेळायचं?' असं एक मुलगी विचारील. कोणीतरी वारांचं वेळापत्रक सुचवील, कोणीतरी ते मोडील, पुन्हा सभा बसेल.

अल्पसंख्य, बहुसंख्य, हक्क, तडजोड, नियम, नियमभंग. राज्यशास्त्राचं अर्धं पुस्तक त्या मैदानावर उलगडेल, आणि कोणाला पाठ करावं लागणार नाही.

पैसेही द्या. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांत ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजार रुपये संयुक्त अनुदान आहे. त्यातला थोडा खर्च मुलांच्या सभेला ठरवू द्या. नळाच्या तोट्या घ्यायच्या की पुस्तकं की स्वच्छतागृहाच्या दाराची कडी? तीन दुकानांतून भाव आणू द्या, पावती फळ्याशेजारी लावू द्या. गडबड झाली तर जाब विचारू द्या.

पावती बघायची सवय दहाव्या वर्षी लागली, तर तिसाव्या वर्षी ग्रामसभेत तो माणूस हिशेब मागेल. काहींना नेमकी हीच भीती वाटत असावी.

या दिशेनं काम झालेलंच नाही, असं नाही. 'मूल्यवर्धन' हा उपक्रम २००९ साली बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत सुरू झाला आणि पुढे राज्यभर गेला. त्याचा गाभा साधा. बाईंनी सांगायचं कमी, मुलांनी जोडीत आणि गटात बोलायचं जास्त. एकमेकांचं ऐकायचं, आपल्या पाळीची वाट बघायची, वेगळं मत सोसायचं. योग्य गोष्ट आहे.

पण गुरुजींचं काय? एक शिक्षक, दोन वर्ग. त्यात सर्वेक्षण, निवडणुकीची कामं, पोषण आहाराच्या नोंदी, रोज नवी लिंक, रोज नवं ॲप. उपक्रम घेतला का, यापेक्षा छायाचित्र अपलोड केलं का, याची विचारणा जास्त. मग दहा मुलं उभी केली जातात, हातात फलक दिला जातो, छायाचित्र निघतं आणि मुलं वर्गात परत. उपक्रम यशस्वी.

छायाचित्रासाठी काम करायला लावलेलं मूल एकच गोष्ट शिकतं : काम दाखवायचं असतं, करायचं नसतं. अधिकाऱ्यांनी एक वर्ष छायाचित्रं मागू नयेत. न सांगता शाळेत यावं, मागच्या बाकावर बसावं आणि मुलं एकमेकांशी कशी बोलतात ते ऐकावं. अहवाल तिथंच मिळेल.

आणि आपण? आपण पालकसभेला जातो, रांगेत उभे राहतो, आणि विचारतो, "गणितात तीन गुण कुठे गेले?" तीन गुण परत मिळतील. नियम मोडताना ज्याला काही वाटत नाही, तक्रार करताना ज्याची जीभ उचलत नाही, झाडू ज्याला कमीपणाचा वाटतो, तो मुलगा सुधारणं फार अवघड जाईल.

म्हणून पुढच्या पालकसभेत गुणांच्या आधी तीन गोष्टी विचारा. मुलांच्या सभेनं या सत्रात काय ठरवलं आणि त्यातलं अमलात काय आलं? तक्रारपेटी शेवटची कधी उघडली? शाळेचा केर कोण काढतं?

उत्तर मिळेपर्यंत जागचे उठू नका. आणि सभा संपल्यावर घरी निघताना हेल्मेट डोक्यावर घाला. मूल मागे बसलेलं असतं.